खाते कितीला पडते? म्हसवडच्या बँकग्राहकासाठी वर्षभराचा हिशेब

बचत खात्यावर बँक आपल्याला व्याज देते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच खात्यातून वर्षभरात बँक आपल्याकडून किती कापून घेते, हे मात्र फार थोडे जण पाहतात. पासबुक भरून हातात आले की नजर थेट शेवटच्या शिलकेवर जाते. मधल्या पंधरा-सतरा, सत्तावीस, एकशे सत्त्याहत्तर रुपयांच्या नोंदी तशाच राहून जातात. माणदेशात पाऊस बेभरवशाचा आणि मजुरी हंगामी. अशा घरात वर्षाला आठ-नऊशे रुपये विनाकारण जाणे परवडणारे नाही.

म्हसवड, दहिवडी, आटपाडी, विटा या पट्ट्यातल्या ग्राहकाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. साध्या घराला बँकेकडून जे लागते, त्यातले बहुतेक फुकट किंवा नाममात्र दरात मिळण्याची सोय नियमातच आहे. पैसे जातात ते गरजेशी न जुळणाऱ्या खात्यापायी आणि काउंटरवर न विचारलेल्या प्रश्नांपायी.

आपल्या भागातल्या बँका

खर्च समजून घ्यायचा तर समोरची बँक कोणत्या जातकुळीची आहे, हे आधी माहीत हवे.

राष्ट्रीयीकृत बँकांत आपल्याला सर्वांत जवळची बँक ऑफ महाराष्ट्र. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे आणि डी. के. साठे यांच्या पुढाकाराने तिची नोंदणी १६ सप्टेंबर १९३५ रोजी पुण्यात झाली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाले. अधिकृत भांडवल होते दहा लाख रुपये. १९ जुलै १९६९ रोजी ज्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत ती होती. त्या निर्णयामुळे शहरातल्या पेढीपुरती राहिलेली बँक तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांकडे वळली. आज सातारा जिल्ह्याची अग्रणी बँक हीच आहे. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांनी शेती, लघुउद्योग आणि दुर्बल घटकांना किती कर्ज द्यायचे, त्याचा वार्षिक आराखडा जुळवण्याचे काम तिच्याकडे असते. शेजारच्या सांगलीत ही जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आहे.

या बँका चालतात कशा? ठेवीदाराकडून पैसे घ्यायचे, त्यातला ठरलेला भाग रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत ठेवायचा, उरलेल्यातून कर्ज द्यायचे. दोन्ही व्याजदरांतला फरक ही मुख्य कमाई आणि सेवाशुल्क ही जोडकमाई. कर्जाच्या ४० टक्के रक्कम अग्रक्रमाच्या क्षेत्रांना आणि त्यातही १८ टक्के शेतीला देण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. त्यामुळे पीककर्ज मागायला गेलेला शेतकरी मेहेरबानी मागत नसतो. बँकेलाही तो हवा असतो.

दुसरी जातकुळी सहकारी बँकांची. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक हे तिचे अभिमानाने सांगावे असे उदाहरण. चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक म्हणून अंगठे उठवणाऱ्या बायका होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना ऐकवले. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. या बँकेचे कर्मचारी दारात आणि बाजारात येऊन पैसे गोळा करतात, आणि खर्चाच्या हिशेबात ही मोठी बचत आहे. शाखेत जायचे म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईची अर्धी हजेरी बुडते. ती कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते.

तिसरी गोष्ट जुन्या नावांची. साताऱ्यात १९३६ मध्ये सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत, तर १९१६ पासूनची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. आजोबांच्या ट्रंकेत यांपैकी एखादे पासबुक किंवा ठेवपावती सापडली तर ती रद्दी समजू नका. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव टाकून शोध घेता येतो, तोही फुकट. मग ज्या बँकेत विलीनीकरण झाले तिच्याकडे दावा करायचा.

कोणते खाते घ्यावे

बँकेत गेल्यावर ‘बचत खाते उघडायचे आहे’ एवढेच म्हटले तर बहुधा नेहमीचे खाते पुढे येते. त्याऐवजी ‘मूलभूत बचत ठेव खाते’ मागा. प्रत्येक बँकेला ते द्यावेच लागते. त्यात हे मिळते:

• किमान शिल्लक: शून्य
• पैसे भरणे: कितीही वेळा, शुल्क नाही
• पैसे काढणे: महिन्यात किमान चार वेळा, शुल्क नाही
• एटीएम कार्ड: शुल्क नाही, वार्षिक वर्गणीही नाही
• खाते बंद पडल्यास पुन्हा सुरू करणे: शुल्क नाही

अट एकच. त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. नेहमीचे खाते असेल तर लेखी अर्ज देऊन ते मूलभूत खात्यात बदलून घेता येते.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेले जनधन खाते याच जातीचे आहे. त्यावर रुपे कार्डासोबत अपघात विमा मिळतो. तो २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांचा आहे. व्यवहार नीट असलेल्या खात्याला दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टही मिळू शकतो. शिवाय या खात्यावरील बँकसेवांना जीएसटी लागत नाही. इतर खात्यांवर प्रत्येक शुल्कावर १८ टक्के जीएसटी चढतो.

नेहमीचेच खाते हवे असेल तर किमान शिलकेची अट आधी विचारा. स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्यावरील हा दंड काढला. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही तो बंद केला. खासगी बँकांत मात्र तो अजून जागोजागी आहे. जिथे आहे तिथेही बँकेने शिल्लक कमी झाल्याचे आधी कळवायचे, भरपाईला महिन्याची मुदत द्यायची आणि दंडापायी खाते उणे होऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. दोन वर्षे व्यवहार न झालेल्या निष्क्रिय खात्यावर हा दंड लावता येत नाही.

एटीएम, एसएमएस आणि पासबुक

स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर म्हसवडसारख्या गावी पाच, मुंबई-पुण्यासारख्या महानगरात तीन. त्यापुढे १ मे २०२५ पासून दर वेळी जास्तीत जास्त २३ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सत्तावीस रुपये चौदा पैसे. यात एक मेख आहे. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो. म्हणून शिल्लक मोबाइलवर किंवा मिस्ड कॉल देऊन पाहा.

मशिनमध्ये पैसे नव्हते किंवा यंत्र बिघडले, तर तो व्यवहार मोजता येत नाही. खात्यातून रक्कम गेली पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर बँकेने पाच दिवसांत ती परत जमा करायची असते. पुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. मशिनची पावती जपून ठेवा. पावती आलीच नाही तर वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा.

एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष गेलेल्या संदेशांपुरतेच घ्यायचे असते. पासबुक फुकट आहे, हरवले तर दुसऱ्या प्रतीला पैसे पडतात. चेकबुकाची ठरावीक पाने फुकट मिळतात, पुढच्या पानांना दर आहे. मोजक्या फाटक्या-मळक्या नोटा बदलून देण्यासाठी बँकेने काहीही घ्यायचे नसते.

गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढता येतात. त्याने ग्राहकाकडून हातात काही घ्यायचे नाही, कारण त्याचे कमिशन बँक देते. दोन हजार काढल्यावर एकोणीसशे ऐंशी हातात पडत असतील, तर पावती मागा आणि शाखेत सांगा.

एका घराचा वर्षाचा हिशेब

समजा, एका घराचे नेहमीचे बचत खाते आहे आणि त्यात सरासरी दहा हजार रुपये राहतात. कार्डाची वार्षिक वर्गणी १५० रुपये आणि एसएमएसचे तिमाही १५ रुपये धरू. हे दोन आकडे बँकेगणिक बदलतात. घरातली मंडळी महिन्याला दोनदा एटीएमची मर्यादा ओलांडतात.

• कार्ड: १५० + जीएसटी २७ = १७७.०० रुपये
• एसएमएस: ६० + जीएसटी १०.८० = ७०.८० रुपये
• जादा एटीएम व्यवहार: २४ × २३ = ५५२ + जीएसटी ९९.३६ = ६५१.३६ रुपये
• एकूण खर्च: ८९९.१६ रुपये
• अडीच टक्क्यांनी मिळालेले व्याज: २५० रुपये

म्हणजे पैसे सांभाळायला दिले आणि वर सुमारे साडेसहाशे रुपये पदरचे गेले. हेच घर मूलभूत खात्यावर आले, आठवड्याच्या बाजाराला एकदाच पैसे काढू लागले आणि किरकोळ देणी यूपीआयने भागवली, तर कार्ड आणि एटीएमचा खर्च शून्यावर येतो. एसएमएसचे शुल्क वजा जाता व्याजाचे पैसे घरात राहतात. चार वेळांनंतर पैसे काढायला शुल्क आहे का, एवढे त्या शाखेत विचारून ठेवायचे.

बाहेरगावहून येणारा पैसा

खानापूर, आटपाडी, माण भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेले आहेत. गावाकडच्या आईवडिलांना पैसे येतात ते बहुधा तिकडूनच. आलेल्या पैशावर शुल्क नसते. पाठवणाऱ्याने मोबाइल किंवा इंटरनेट बँकिंगवरून एनईएफटी केली, तर बचत खातेदाराला १ जानेवारी २०२० पासून तीही फुकट आहे. सेवा दिवसरात्र चालू असते, सुट्टीच्या दिवशीही. शाखेत चिठ्ठी भरून पाठवले तर जास्तीत जास्त इतके शुल्क, अधिक जीएसटी:

• दहा हजारांपर्यंत: अडीच रुपये
• एक लाखापर्यंत: ५ रुपये
• दोन लाखांपर्यंत: १५ रुपये
• दोन लाखांवर: २५ रुपये

आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे करता येते. यूपीआय ग्राहकाला फुकट आहे. सिद्धनाथाच्या यात्रेत दुकान मांडणाऱ्याने क्यूआर कोड लावला, तर खात्यातून येणाऱ्या यूपीआयच्या रकमेतून काही कापले जात नाही. पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्राला मात्र बहुधा मासिक भाडे असते. यात्रा संपल्यावर ते यंत्र परत केले नाही, तर भाडे चालूच राहते.

कर्ज: व्याजदर हा खर्चाचा एक भाग

पीककर्ज तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी मिळते. वेळेत फेडल्यास केंद्राची तीन टक्के सवलत मिळते. तिच्यात राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची भर पडली, की हे कर्ज जवळजवळ बिनव्याजी होते. तारीख एक दिवसाने चुकली तरी सवलत हातची जाऊ शकते. म्हणून फेडीची शेवटची तारीख बँकेकडून लिहून घ्या आणि ती शेवटचा दिवस न समजता आठवडाभर आधी भरा. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला १ जानेवारी २०२५ पासून तारण लागत नाही. तीन लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डावरील प्रक्रिया, कागदपत्रे आणि तपासणीचे शुल्क माफ करण्यास बँकांच्या संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. शुल्क मागितले तर ही गोष्ट शांतपणे निदर्शनास आणा. मेंढ्या, गाई-म्हशींच्या खर्चासाठीही किसान क्रेडिट कार्ड मिळते, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना माहीत नाही.

घोंगडी विणणे, शिवणकाम, चहाची टपरी अशा धंद्यांना मुद्रा कर्ज आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. यालाही तारण नाही.

सहकारी बँकेतून कर्ज घेताना सभासद व्हावे लागते. त्यासाठी साधारणपणे विनातारण कर्जाच्या पाच टक्के आणि तारणी कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे भाग घ्यावे लागतात. हा पैसा तुमचाच राहतो, पण तो अडकतो. खर्चाच्या तुलनेत तो धरायला विसरू नका.

सर्वांत मोठी फसगत होते ती ‘सपाट’ व्याजदरात. पन्नास हजार रुपये, एक वर्ष, बारा महिन्यांचे हप्ते. सपाट १२ टक्क्यांनी व्याज होते ६,००० रुपये. घटत्या शिलकेवर त्याच १२ टक्क्यांनी होते सुमारे ३,३०९ रुपये. दोन्हीकडे ‘बारा टक्के’ असेच सांगितले जाते, पण पहिल्याचा खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कर्ज वस्तूंच्या दुकानात मिळो, फायनान्स कंपनीत की बँकेत, पहिला प्रश्न हाच: व्याज सपाट की घटत्या शिलकेवर?

यासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून एक चांगले हत्यार ग्राहकाच्या हाती आले आहे. किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जाला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा असे सगळे धरून वर्षाला प्रत्यक्षात किती टक्के पडतात, ते त्यात एका आकड्यात लिहिलेले असते. हा कागद ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवा, म्हणजे आपल्याकडे मराठीत. सही त्यानंतर.

आणखी तीन नियम लक्षात ठेवा. हप्ता थकला तर दंड लावता येतो, पण १ एप्रिल २०२४ पासून त्या दंडावर व्याज चढवता येत नाही. बदलत्या दराचे वैयक्तिक किंवा घरकर्ज मुदतीआधी फेडले तर त्यावर शुल्क नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत घराची-जमिनीची मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

हप्ता खात्यातून आपोआप जात असेल, तर आदल्या दिवशी शिल्लक पाहा. हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा असा दुहेरी फटका बसतो.

वीस रुपये आणि चारशे छत्तीस रुपये

पासबुकात मे-जूनच्या सुमारास दिसणाऱ्या या दोन नोंदी शुल्काच्या नाहीत, विम्याच्या आहेत. २० रुपयांत १८ ते ७० वयाला दोन लाखांचा अपघात विमा, ४३६ रुपयांत १८ ते ५० वयाला दोन लाखांचा आयुर्विमा. दोन्ही घेण्याजोग्या आहेत, फक्त घरच्यांना त्या माहीत हव्यात. दोन बँकांत खाती असतील तर दोन्हीकडून रक्कम जात नाही ना, ते पाहा. विमा प्रत्येक योजनेत एकदाच मिळतो.

कर्जासोबत मोठी विमा पॉलिसी घ्यायलाच हवी असे कोणी म्हटले, तर ती अट लेखी मागा.

ठेव कुठे सुरक्षित

राष्ट्रीयीकृत, खासगी किंवा सहकारी बँक कोणतीही असो, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाख होते. त्याचा हप्ता बँक भरते. एकाच बँकेच्या दोन शाखांतल्या ठेवी एकत्र धरल्या जातात, म्हणून मोठी रक्कम वेगवेगळ्या बँकांत ठेवावी.

पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. सातारा-सांगलीत गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. त्यांतल्या कित्येक प्रामाणिकपणे चालतात आणि अडीअडचणीला धावून येतात. तरीही नावात ‘बँक’ नाही आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, तिथे एक टक्का जादा व्याजासाठी मुलीच्या लग्नाचे सगळे पैसे ठेवू नयेत. ही विनंती फार कळकळीची आहे.

वारस नोंद फुकट आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार वारस नेमता येतात. पासबुकावर नोंद झाल्याची खूण आहे का, ते आजच पाहा.

चूक झाली तर

ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी व्यवहार केला असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान मात्र आपले.

शुल्काबद्दल तक्रार असेल तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

काउंटरवर विचारायचे सहा प्रश्न

१. माझे खाते मूलभूत प्रकारचे आहे का? नसेल तर बदलून द्याल का?
२. सेवाशुल्काचा तक्ता कुठे लावला आहे?
३. गेल्या वर्षात माझ्या खात्यातून कोणकोणती शुल्के गेली?
४. कार्डाची वार्षिक वर्गणी किती? स्वस्त कार्ड आहे का?
५. कर्जाचे मुख्य तथ्य विवरण मराठीत मिळेल का?
६. वारस नोंद झाली आहे का?

दर बदलतात, म्हणून शाखेतला तक्ता वर्षातून एकदा तरी वाचावा. शाखेत गर्दी असते, कर्मचारी कमी असतात, हे खरे. तरी हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नका. एकेकाळी अक्षरओळख नसलेल्या म्हसवडच्या बायकांनी रिझर्व्ह बँकेपुढे व्याजाचा हिशेब मांडला आणि स्वतःची बँक उभी केली. त्याच गावच्या ग्राहकाला आपल्या पासबुकातल्या प्रत्येक ओळीचा हिशेब मागता आलाच पाहिजे.